सूर गोड, मान अवघड!

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी बासरी आहे? हात वर करा पाहू! बरेच हात वर आले असणार. नीरा नरसिंहपूरची यात्रा असो, नाहीतर आपल्या गावच्या देवाची जत्रा, भेळेच्या आणि फुग्यांच्या गर्दीत एक बासरीवाला असतोच. काठीला चहूबाजूंनी बासऱ्या खोचलेल्या, आणि स्वतः मजेत सिनेमातलं गाणं वाजवत तो चाललेला. ते ऐकून आपण हट्ट धरतो, बासरी घेतो, घरी येऊन जोरात फुंकतो आणि आवाज येतो, फूऽऽ! नुसती हवा. दोन दिवसांनी बासरी कपाटावर जाऊन पडते.

पण काही मुलं चिवट असतात, बरं का. ती फुंकत राहतात. कधी जास्त फुंकून चक्कर येते, घरचे ओरडतात, तरी सोडत नाहीत. आणि मग एक दिवस सूर लागतो. मग सा रे ग म, मग एखादं गाणं. आज मला बोलायचंय ते या चिवट मुलांशी. कारण सूर लागला की पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यांच्यापुढे दुसरीच अडचण उभी राहते. मान अवघडते. डावा खांदा भरून येतो. मनगट ठणकतं. अंगठा दुखतो. आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, "नवीन आहे ना, होईल सवय."

सवय होते, हे खरं. पण कशाची? वाकडं बसण्याची!

कुणी म्हणेल, कष्टाशिवाय का विद्या येते? अगदी मान्य. पण कष्ट वेगळे आणि दुखणं वेगळं. सराव करून ओठ थकले, बोटं दमली, तर चालेल. रात्री झोपलं की सकाळी तो थकवा गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी दप्तर उचलताना खांद्यातून कळ येते, हे मात्र चालणार नाही.

आमच्या शाळेत सहावीत एक मुलगी आहे. बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत वस्तीवर राहते. तिच्या मामाने पुण्याहून तिला बासरी आणली, चांगली अडीच फुटी. भाचीवर माया मोठी, म्हणून बासरीही मोठी! वस्तीवर शिकवणार कोण? मग मोबाईल. बाबा शेतातून आले की संध्याकाळी त्यांचा मोबाईल मिळायचा, त्यावर बघून पोरगी शिकली. दिवाळीपर्यंत भूप रागाची सरगम वाजवायला लागली. परिपाठाला तिची बासरी झाली की सगळी शाळा गप्प व्हायची. आणि संक्रांतीनंतर एकदम बंद. वाजव म्हटलं की "नको". मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, "बाई, खांदा लय दुखतोय. आजी म्हणती, तुझ्या अंगात ताकद न्हाई, दे सोडून."

बासरी तिने घड्या घातलेल्या गोधड्यांच्या खाली ठेवून दिली होती.

खांदा दुखतो याच्यापेक्षा मला त्या दुसऱ्या वाक्याचं जास्त वाईट वाटलं. दोष आपल्या अंगातच आहे, असं पोरीने मनाशी धरून ठेवलं होतं. मी म्हटलं, "उद्या बासरी घेऊन ये. घरी जशी बसतेस तशीच बस आणि वाजव. मी नुसती बघते."

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या व्हरांड्यात मांडी घालून बसली. मोबाईलच्या जागी कंपासपेटी घेतली आणि ती पाण्याच्या तांब्याला टेकवून जमिनीवर उभी केली. घरी अगदी असंच असतं म्हणे. बासरी हातात घ्यायच्या आधीच तिची मान खाली गेली आणि पाठीची कमान झाली. मग ओठ बासरीपर्यंत नेण्यासाठी मान पुढे. लांबच्या भोकांपर्यंत पोचण्यासाठी उजवा हात ताणलेला. डावा खांदा वर चढून कानाला भिडायला आलेला. बासरीचं टोक उजव्या गुडघ्यावर टेकलेलं. पाच मिनिटं ती तशीच वाजवत होती, आणि वाजवत होती छान! बघता बघता माझीच मान दुखायला लागली.

आता सांगा, यात तिची ताकद कमी होती का? उलट रोज पाऊण तास असं बसायला फार ताकद लागते. ती सगळी चुकीच्या जागी खर्च होत होती, एवढंच.

हे नीट कळण्यासाठी एक प्रयोग करून पाहा. एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली घ्या. ती छातीजवळ धरा आणि मनात साठ आकडे मोजा. काहीच वाटणार नाही. आता तीच बाटली हात समोर लांब करून धरा आणि पुन्हा साठ मोजा. चाळिसाच्या आतच हात थरथरू लागेल! पाणी तेवढंच, बाटली तीच. वाढलं ते फक्त अंतर. आपल्या डोक्याचं असंच आहे. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, म्हणजे मध्यम आकाराच्या कलिंगडाएवढं. ते मानेवर बरोबर मधोमध असेल तर मणक्यांचा खांब त्याला तोलून धरतो. ते पुढे झुकलं की मानेच्या आणि खांद्याच्या मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावं लागतं.

आणि नुसतं धरून ठेवणं हे स्नायूंना सगळ्यात नकोसं काम. चालताना पायाचा स्नायू आवळतो, सुटतो, पुन्हा आवळतो. दर वेळी त्याच्यातून ताजं रक्त वाहतं. म्हणून आपण तासभर चालू शकतो. पण एका पायावर पाच मिनिटं उभं राहून दाखवा बरं! न हलता आवळून धरलेल्या स्नायूत रक्ताच्या बारीक नळ्या दाबल्या जातात, रक्त पुरेसं पोचत नाही, आणि मग तो ठणकून तक्रार करतो. बासरीचं वजन ते किती? पण मान, खांदा आणि दंड आपण अर्धा तास तसेच धरून ठेवतो, म्हणून दुखतं.

आपल्या इंदापूर तालुक्यात भिगवणला, उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तुमच्यातल्या कित्येकांनी पाहिले असतील. चिखलातलं खाणं टिपताना त्यांची मान कशी हवी तशी वळते! त्यांच्या मानेत एकोणीस मणके असतात. माणसाच्या मानेत फक्त सात. (गंमत म्हणजे जिराफाच्या मानेतही सातच!) तेव्हा रोहित पक्ष्याची नक्कल आपण न केलेली बरी.

मग नक्कल करायची कुणाची? मुरली म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचा कृष्ण येतो. एक पाय दुसऱ्यावरून टाकलेला, कंबर एका बाजूला, मान दुसऱ्या बाजूला. शरीराला असे तीन बाक असतात, म्हणून त्या उभं राहण्याला त्रिभंग म्हणतात. चित्रात आणि मूर्तीत ते फार सुंदर दिसतं. स्नेहसंमेलनात कृष्ण झालेला मुलगा दोन मिनिटं तसा उभा राहिला तर काही बिघडत नाही. पण सरावाला रोज तसं उभं राहायचं नाही. सरावाला उभं राहायचं ते पंढरीच्या विठोबासारखं!

हसू नका, खरंच सांगते. विठोबाचं उभं राहणं कसं? समचरण. दोन्ही पाय सारखे, दोन्हींवर वजन सारखं, गुडघे मोकळे, पाठ सरळ. तुकोबांची पालखी आपल्या बारामतीतून काटेवाडी, बेलवडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, तेव्हा त्यात तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या मावश्या नीट पाहा. मैलोन्‌मैल त्या चालतात, पण मान इकडची तिकडे नाही. ताठ म्हणजे सैनिकासारखी आवळलेली नाही हं. नुसती सरळ, वर उचलल्यासारखी. बासरी घेण्याआधी डोक्यावर तुळस आहे असं समजा आणि पाय समचरण ठेवा. मग हात खाली सोडा, खांदे एकदा कानापर्यंत उचला आणि धपकन सोडून द्या. जिथे पडतील तीच त्यांची जागा.

आता बासरी उचला आणि ओठांकडे आणा. इथेच सगळी गंमत आहे. बासरी आपल्याकडे आली पाहिजे, आपण बासरीकडे जायचं नाही. मान जिथे होती तिथेच राहिली पाहिजे. पोळीचा घास आपण तोंडाशी नेतो, ताटात तोंड घालत नाही. तसंच हे.

आडवी बासरी धरताना आणखी एक अडचण असते. तिचं सगळं लांबण एकाच बाजूला जातं. बहुतेक जण ती उजव्या बाजूला धरतात. त्यामुळे उजवा हात लांब जातो आणि डावा छातीसमोर आडवा येतो. छाती अगदी समोर ठेवून वाजवलं तर उजवा खांदा मागे ओढला जातो. यावर उपाय सोपा आहे. समजा तुम्ही मोठ्या घड्याळाच्या मधोमध उभे आहात आणि वही बाराच्या आकड्यावर आहे. तर पायांची बोटं एक आणि दोनच्या मधे वळवा, पायांबरोबर छातीही तिकडे वळू द्या आणि चेहरा फक्त बाराकडे ठेवा. लगेच जाणवेल, उजवा हात आपोआप पुढे आला आणि खांदा मोकळा झाला. जी मुलं डाव्या बाजूला बासरी धरतात त्यांनी अकरा आणि दहाच्या मधे वळायचं.

बसून वाजवायचं तर मांडी हवीच, आपली बैठकच तशी. पण तुमच्या मांडीत गुडघे कमरेपेक्षा वर राहतात का ते पाहा. राहत असतील तर पाठ गोल होणारच, कितीही वेळा "ताठ बस" म्हणून कुणी ओरडलं तरी! मग काय करायचं? गोधडीची जाडसर घडी करून फक्त बैठकीखाली घ्यायची, पायांखाली नाही. चार बोटं उंच झालात की गुडघे खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. खुर्ची घ्यायची असेल तर हात नसलेली घ्या. त्या प्लॅस्टिकच्या हातवाल्या खुर्चीत कोपरं अडकतात. आणि बासरीचं टोक गुडघ्यावर टेकवायचं नाही, कारण तसं केलं की अख्खं अंग त्या गुडघ्याकडे झुकतं. मोबाईल असो की वही, ती डोळ्यांच्या उंचीला हवी. कोनाडा, खिडकी, धान्याची कोठी, काहीही चालेल, फक्त जमीन नको.

सरळ बसण्याचा फायदा फक्त खांद्याला होतो असं नाही. सूरसुद्धा सुधारतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक स्नायूंचा पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि फुफ्फुसांना जागा मिळते. आपण वाकून बसलो की पोट दाबलं जातं आणि पडद्याला सरकायला जागाच उरत नाही. विश्वास नाही बसत? मग वाकून बसा, श्वास घ्या, सा लावा आणि तो किती सेकंद टिकतो ते मित्राला मोजायला सांगा. मग गोधडीवर सरळ बसून पुन्हा लावा. दोन्ही आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आमच्या वर्गात हा प्रयोग केला, तेव्हा ज्या मुलांना बासरी येत नाही त्यांनीही नुसतं "आऽऽ" म्हणून भाग घेतला. वर्ग डोक्यावर घेतला होता त्या दिवशी!

आता बोटांविषयी. बासरी घट्ट आवळून धरायची नसते. डाव्या तर्जनीचा तळ, अंगठे आणि ओठाखालची हनुवटी यांच्यावर ती नुसती ठेवायची. भोकं झाकताना बोटाच्या टोकाने दाबायचं नाही. पेराचा मऊ भाग हलकेच ठेवायचा. वाजवताना मित्राने बासरी बोटाने जराशी ढकलली तर ती थोडी हलली पाहिजे. अजिबात हलली नाही तर समजा की तुम्ही तिचा गळा धरलाय!

पण बासरीच तुमच्या हातापेक्षा मोठी असेल, तर हे सगळं करूनही दुखणार. नळी जितकी लांब तितका सूर खालचा, आणि भोकं तितकी दूर दूर. खालचा सूर कानाला गोड लागतो, म्हणून सगळ्यांना मोठीच बासरी हवी असते. आज मैफलीत जी मोठी बासरी दिसते ती रूढ केली पन्नालाल घोष यांनी. त्यांचा जन्म १९११चा. साध्या लहान बासरीवर रागाचे खालचे, गंभीर सूर येत नाहीत म्हणून त्यांनी खटपट करकरून बत्तीस इंचांची बासरी बनवली. पुण्याच्या पंडित केशव गिंडे यांनी तर त्याच्याही पुढे जाऊन 'केशववेणू' तयार केली. पण ही सगळी मोठ्या हातांची माणसं, मोठ्या वयाची.

विलायतेत या अडचणीवर वेगळा तोडगा निघाला. म्युनिचचे थिओबाल्ड बोम हे बासरी वाजवायचे आणि बनवायचेही. त्यांनी १८३२ मध्ये आणि मग १८४७ मध्ये बासरीला नव्या तऱ्हेच्या चाव्या बसवल्या. बोट पोचत नसेल अशा ठिकाणी भोक असलं तरी चावी दाबून ते झाकता येतं. तिकडे लहान मुलांसाठी तर तोंडाकडची नळी वळवून आणलेली बासरी मिळते. आकड्यासारखी! म्हणजे नळीची लांबी तेवढीच राहते आणि लहान हातही पोचतो. आपल्या बांबूच्या बासरीला चाव्या नाहीत, वळणही नाही. म्हणून आपल्याकडे एकच मार्ग, हाताच्या मापाची बासरी घ्यायची. शर्ट घेताना माप बघतो ना? मग बासरी घेताना का नाही? दुकानात हात न ताणता सगळी भोकं झाकून पाहायची. अनामिका ओढून न्यावी लागली तर ती बासरी परत ठेवायची. पाचवी-सहावीच्या मुलांना साधारण दीड फुटाच्या आतली बासरी बरी पडते. आमच्या त्या मुलीलाही मी लहान बासरी आणून दिली. आधी ती नाराज झाली, "हिचा आवाज बारीक येतो" म्हणाली. खांदा पंधरा-वीस दिवसांत थांबला. मनगट अजून कधीकधी कुरकुरतं, मग ती थांबते.

फुंकून वाजवायच्या वाद्यांना सुषिर वाद्यं म्हणतात. सुषिर म्हणजे पोकळ. त्यात सनई आली, सोलापूरच्या जाधव घराण्याने नावारूपाला आणलेली इवलीशी सुंदरी आली आणि लग्नाच्या बँडमधलं क्लॅरोनेटही आलं. सनई आणि क्लॅरोनेट समोर धरतात, त्यामुळे ती एका बाजूला ओढत नाहीत. पण तिथे मान पुढे काढायचा मोह फार. आमच्या ओळखीचे बँडमधले एक काका आहेत. त्यांना मी विचारलं, "काका, तुमचं काय दुखतं?" त्यांनी काही न बोलता उजवा अंगठा पुढे केला. नखाशेजारी हा एवढा घट्टा! क्लॅरोनेटचं वजन पाऊण किलोच्या वर असतं आणि उभं राहून वाजवताना ते बहुतेक सगळं उजव्या अंगठ्यावर येतं. अंगठा टेकवायला मागे एक छोटी पट्टी असते तेवढीच. काकांनी त्या पट्टीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलाय. गळ्यात अडकवायचा पट्टाही घेतलाय. म्हणाले, "बाई, हे आधी कुणी सांगितलं असतं तर अंगठा वाचला असता. आमच्या वस्तादांचा तर पार वाकडा झाला होता. आम्हाला वाटायचं, तीच वादकाची खूण."

दुखणं म्हणजे वादकाची खूण, हा समज जगभर आहे हो! अमेरिकेत १९८६ साली वाद्यवृंदांतल्या वादकांची पाहणी झाली. बावीसशेहून जास्त वादकांनी उत्तरं पाठवली. त्यातल्या ७६ टक्के लोकांनी लिहिलं, वाजवण्यात अडथळा येईल असं निदान एक तरी दुखणं आम्हाला आहे. शंभरातले शहात्तर! तोपर्यंत कित्येक जण काम जाईल या भीतीने गप्प बसत. त्यानंतर मात्र वादकांच्या दुखण्यांकडे डॉक्टर मंडळी नीट लक्ष देऊ लागली.

आपल्याकडचे मोठे बासरीवादक अंगाची काळजी घेण्यात मागे नव्हते, हे मात्र सांगायला हवं. पन्नालाल घोष तरुणपणी व्यायामशाळेत जायचे, लाठी फिरवायचे, मुष्टियुद्ध खेळायचे. हरिप्रसाद चौरसिया तर पहिलवानाचे चिरंजीव! वडिलांना वाटे, मुलाने कुस्तीच करावी. मुलगा आखाड्यात गेला खरा, पण लपूनछपून संगीत शिकला. आखाड्यात कमावलेला दम बासरीला कामी आला, असं ते सांगतात. पुढे अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेल्यावर, सगळं पहिल्यापासून शिकायचं म्हणून त्यांनी बासरीची बाजूच बदलली. उजवीकडची डावीकडे! इतक्या मोठ्या वादकाला धरण्याची सवय बदलता येते, तर तुम्हाला गुडघ्यावरचं टोक उचलायला काय हरकत आहे? आपल्या भागात गावोगाव तालमी आहेत. कुस्ती नाही तर नाही, पण रोज दहा सूर्यनमस्कार घाला. पाठीचे स्नायू बळकट असले की सरळ बसण्याचे कष्ट वाटत नाहीत.

वाजवण्याआधी दोन मिनिटं मनगटं फिरवा, खांदे उचलून सोडा, मान हळूहळू डावीकडे आणि उजवीकडे वळवा. झटका द्यायचा नाही. वाजवून झाल्यावर उलट बाजूला मान वळवून थोडं थांबा, कारण इतका वेळ ती एकाच बाजूला होती. पंधरा-वीस मिनिटं झाली की बासरी खाली ठेवायची, उठायचं, पाणी प्यायचं. तेवढ्या वेळात पलटे तोंडाने म्हणा, नाहीतर पेन्सिलीवर बोटं चालवा. सरावच आहे तोही. आणि स्नेहसंमेलन चार दिवसांवर आलं म्हणून एकदम दोन दोन तास वाजवत सुटायचं नाही. वेळ वाढवायचा तर आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवा.

"पण बाई, आपण वाकडे बसलोय हे आपल्याला कळणार कसं?" हा प्रश्न आमच्या वर्गातल्याच एकाने विचारला, आणि प्रश्न अगदी योग्य आहे. स्वतःला ते कळतच नाही! ऑस्ट्रेलियात फ्रेडरिक अलेक्झांडर नावाचा नट होता, जन्म १८६९चा. रंगमंचावर तो नाट्यप्रवेश म्हणून दाखवायचा, पण मधेच त्याचा आवाज बसायचा. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. विश्रांती घेतली की बरं, म्हणायला लागलं की पुन्हा तेच. मग त्याने खोलीत आरसे लावले आणि बोलताना स्वतःकडे बघितलं. तेव्हा दिसलं की, तोंड उघडताच आपण मान मागे ओढतो आणि घसा दाबतो. इतकी वर्षं त्याला स्वतःला याचा पत्ता नव्हता! पुढे त्याने यावर एक शिकवण्याची पद्धतच तयार केली. ती आजही जगभर वादक आणि नट शिकतात. तुमच्याकडे मोठा आरसा नसेल तर एक दिवस मोबाईल शिकण्याऐवजी चित्रीकरणाला वापरा. बहिणीला बाजूने दोन मिनिटं चित्रीकरण करायला सांगा. कान खांद्याच्या बरोबर वर दिसला पाहिजे.

पालकांनाही दोन शब्द. मूल दुखतं म्हणालं तर त्याला नाजूक ठरवू नका, आणि "तासभर वाजवल्याशिवाय उठायचं नाही" अशी सक्तीही करू नका. आधी ते कसं बसतं ते पाच मिनिटं शांतपणे पाहा. दप्तरही उचलून बघा. २०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार पहिली ते दहावीच्या मुलांचं दप्तर त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको, म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो. एका खांद्यावर पाच किलोचं ओझं घेऊन आलेलं मूल संध्याकाळी बासरी घेऊन बसलं, तर दोष बासरीला कशाला? दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, बोट बधिर झालं किंवा हातातून वस्तू निसटायला लागल्या, तर मात्र बाम चोळत बसू नका. बासरी बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. जाताना बासरी बरोबर न्या आणि मूल ती कशी धरतं ते त्यांना प्रत्यक्ष दाखवा.

राहिला प्रश्न मामाने दिलेल्या मोठ्या बासरीचा. ती फेकून द्यायची नाही! कापडात गुंडाळून, उन्हापासून दूर ठेवायची, नाहीतर बांबू तडकतो. दर तीन महिन्यांनी बाहेर काढायची, समचरण उभं राहायचं, खांदे सोडायचे आणि सगळी भोकं झाकून पाहायची. बोटं न ताणता भोकं झाकली गेली आणि हवा कुठून निसटली नाही, तर ती बासरी तुमची झाली. कुणाचं हे सातवीत जमेल, कुणाचं नववीत. हात वाढतील तसं.